होबाई

‘होबाई’ हे नाव काढून टाकायला तिच्याकडे पाच वाजेपर्यंतचा वेळ होता. पाच वाजले की पंधरा दिवसांची मुदत संपणार होती, आणि मुदतीत दुसरा साक्षीदार मिळाला नाही तर नाव बाद. नियमच तसा होता. आणि नियम तिनेच केलेला होता, त्यामुळे बोंब मारायची तर कुणाच्या नावाने!

ते निसर्गाचं अॅप होतं. त्यात प्रत्येक पक्ष्याचं शास्त्रीय नाव वर, आणि खाली सतरा भाषांमधली लोकांच्या तोंडातली नावं. मराठीचा रकाना तिच्या ताब्यात. सुरुवातीला तिने येईल ते नाव घेतलं. मग एका सद्गृहस्थाने घुबडाला स्वतःच्या मेहुण्याचं नाव चिकटवलं, ते तीन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन घरांत जे नाव चालतं, तेच घ्यायचं.

‘होबाई’ पाठवणारं पहिलं घर तिचं स्वतःचंच होतं. पाठवणारे तिचे बाबा आत्ता खिडकीशी बसले होते. उभा जन्म त्यांनी शिलाई मशीनं दुरुस्त केली, आता त्याच चिमटीत फोन धरून पक्ष्यांचे फोटो काढत. समोरच्या पत्र्यावर रोज येऊन शेपटी सारखी खालीवर हलवणाऱ्या त्या काळ्यापांढऱ्या पक्ष्याचे त्यांनी आठ फोटो पाठवले होते. पाचांत नुसती शेपटी होती.

“लागलं का गं नाव?” त्यांनी विचारलं. पंधरा दिवस रोज विचारत होते.

“बाबा, त्याला धोबी म्हणतात. पुस्तकात तेच आहे.”

“म्हणू देत की. आपल्याकडे होबाई म्हणतात.”

आपल्याकडे म्हणजे आई. वर्षापूर्वी गेलेली आई. चौथीत असताना वर्गात चित्रं ओळखायला दिली होती, तेव्हा हिने ऐटीत ‘होबाई’ लिहिलं. बाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. वर्ग इतका हसला की पुढे वर्षभर हिचंच नाव होबाई पडलं. त्या दिवशी घरी येऊन ती आईवर ओरडली होती, “तू खोटी नावं शिकवतेस मला! मनाची बनवतेस!” आई नुकतीच कामावरून आली होती. मुलांच्या हॉस्पिटलात वॉर्डात कामाला होती ती, अंगाला फिनेलचा वास यायचा. पदराला हात पुसत ती एवढंच म्हणाली, “बरं बाई, नाही म्हणणार.” आणि शब्दाला जागली. पुढची तीस वर्षं तो पक्षी पत्र्यावर येत राहिला, पण हिच्यासमोर आईने त्याला कुठल्याच नावाने हाक मारली नाही.

तेव्हा एकदा जवळ जाऊन माफी मागायला हवी होती. उद्या मागू, परवा मागू, असं करता करता आईच राहिली नाही. आणि आज तेच नाव दुसऱ्यांदा खोटं ठरवायची पाळी हिच्यावरच आली होती.

“आणि अर्जातला शेवटचा रकाना का मोकळा ठेवलात?” ती उगाचच खेकसली. “नाव कुणी ठेवलं, ते लिहायचं असतं.”

“तो?” बाबा हसले. “तो तुला काय सांगायचा!”

खरंच, तिला काय सांगायचं. पाचला दहा मिनिटं कमी असताना तिने ते नाव उघडलं. शेजारी लाल खूण होती, दाबली की संपलं. आई, तुझं नाव मी काढते आहे, असं ती मनात म्हणाली. शेवटचं म्हणून तिने आलेले अर्ज पुन्हा तपासले.

एक नवा होता. दुपारीच आलेला. पाठवणारा लांबच्या शहरातला एक बेकरीवाला होता. मुदतीच्या यादीत बाबांचा फोटो दिसला, म्हणून त्याने लिहिलं होतं.

‘आम्हीही होबाईच म्हणतो. लहानपणी पाय मोडून मी दोन महिने तुमच्याकडच्या मुलांच्या हॉस्पिटलात होतो. खिडकीबाहेर हा पक्षी यायचा. वॉर्डातल्या मावशी म्हणायच्या, बघ, होबाई आली, ती सगळ्याला हो म्हणते, तूपण औषधाला हो म्हण. सगळा वॉर्ड म्हणायचा. आता माझी मुलं म्हणतात.’

तिने ते दोनदा वाचलं. घरात गिळून टाकलेलं नाव आई रोज कामावर घेऊन जात होती तर. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, ते तिने येऊ दिलं.

“बाबा,” ती म्हणाली, “लागलं.”

“मग! मी काय सांगत होतो!” बाबा फोन घेऊन पुन्हा पत्र्याकडे वळले.

तिने हिरवी खूण दाबली. मग अर्ज मिटवण्याआधी शेवटचा रकाना पाहिला, कारण तो पाहायचा असतो. नाव कुणी ठेवलं? बेकरीवाल्याने तोही भरला होता.

‘मावशींच्या लेकीने, दोन वर्षांची असताना. नवं पोर वॉर्डात आलं की मावशी आधी हेच सांगायच्या.’