फोन वाजला नाही

दुपारची शिफ्ट ऐन भरात असताना शुभांगीने जुन्या सर्व्हरवरची कामं नव्या सर्व्हरवर हलवायला घेतली, तेव्हा गोरक्ष टेबलावरच्या फोनकडे तोंड करून बसला. आता वाजेल, मग वाजेल.

सातपूरच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर म्हणजे गोरक्ष, हे पहिल्यापासून ठरलेलं. सर्व्हर बदलायचा तर रविवारी, सगळं बंद ठेवून, नारळ फोडून. आणि ही काल आलेली पोरगी म्हणे, काही बंद न करता सर्व्हरही बदलते नि माहितीचं सगळं स्टोरेजही. साहेबांनी लगेच मान डोलावली. गोरक्षच्या पोटात दुखायला लागलं ते तिथपासून.

"मॅडम, चालू शिफ्टमध्ये नको. अंगाशी येईल."

"आलं तर तुम्ही आहात ना, सर." तिने पडद्यावरून नजर काढली नाही. एकेक काम नव्या सर्व्हरवर जात होतं आणि त्याच्यापुढे हिरवी खूण उमटत होती.

तिचं गोड बोलणंही त्याला डाचलं. देवा, एकदा अडकू दे. एकदाच. मग स्टोअरमधून मल्हारीचा फोन येईल, 'भाऊ, बंद पडलं, पळा'. तो निघाला की माणसं बाजूला होतील, कुणी चहा पुढे करील. त्यातलं सुख हिला काय कळणार?

फोन आपला गप्प. त्याने रिसीव्हर कानाला लावून पाहिला. आतला आवाज चांगला घुमत होता, लाइन चालू होती. शेवटी न राहवून त्यानेच स्टोअरला लावला.

"मल्हारी, काही अडचण?"

"बंद पडणार हाय का, भाऊ?" मल्हारी घाईने म्हणाला. "जरा थांबा, गाडी दारात उभी हाय, तेवढं मालाचं चलन काढून घेतो."

"नाही रे. सहज विचारलं."

"मग बरं. तुमचा फोन आला का छातीत धस्स होतं बघा. आज तर लय झकास चाललंय."

गोरक्षने रिसीव्हर ठेवला.

"काय म्हणाले?" शुभांगीने विचारलं. शेवटची खूणही हिरवी झाली होती.

"काही नाही." तो उठला, फोन उचलून त्याने तिच्या टेबलावर नेऊन ठेवला. "यापुढे वाजला तर तुम्हीच घेत चला."

"आता कशाला वाजतोय, सर?" ती म्हणाली.