पाचव्या कादंबरीतला धूर

कप्तान सांगत होते आणि ऐकता ऐकता कादंबरीबाईंचं पेन कागदावर थांबलं.

“दार अडकलं,” कप्तान म्हणाले. “यानाचं दार म्हणजे काय, प्लायवूडच. पण दमट हवेनं फुगलेलं. जाम हलेना. आत धुराचं यंत्र चालू ते चालूच. वैमानिकबाईला दमा. ती मटकन खाली बसली, ओठ निळे पडले. मी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि खिडकीवर आपटत सुटलो.”

ते थांबले. बाईंच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिले. जणू पुढचं त्यांना तिथेच सापडणार होतं.

बाईंना पुढचं ठाऊक होतं. खिडकी फुटते. वैमानिक मोठा श्वास घेते आणि शुद्धीवर आल्या आल्या विचारते, “माझा संवाद चुकला का?” बाईंना हे ठाऊक असणारच. त्यांनीच ते लिहिलं होतं.

अंतराळयानाची ती मालिका जोरात होती तेव्हा तिच्यावर बेतलेल्या कादंबऱ्या बाई लिहीत. लिहीत कसल्या, पाडत. सेटवर चहाच्या टेबलाशी मांडी ठोकायची आणि कागदामागून कागद काळे करायचे. सगळ्या युनिटनं त्यांचं खरं नाव कधीच गुंडाळून ठेवून त्यांना कादंबरीबाई केलं होतं, जसं यानाच्या कप्तानाचं काम करणाऱ्या नटाला कप्तान. पुस्तकं हातोहात खपली. मग मालिका संपली, माणसं पांगली, वैमानिकबाई तर वारलीसुद्धा. आता इतक्या वर्षांनी एका प्रकाशकाला कप्तानांच्या आठवणी हव्या होत्या. कप्तानांनी एकच हट्ट धरला. शब्दांकन करील तर कादंबरीबाईच, नाहीतर पुस्तक नको.

आणि आता हे. अडकलेलं दार, धूर, हेल्मेट. सगळं पाचव्या कादंबरीतलं, जसंच्या तसं.

मालिकेचे चाहते म्हणजे एकेक नग. कुठल्या भागात कप्तानांच्या गणवेशाचं बटण तुटलेलं दिसतं, हेही त्यांना तोंडपाठ. पुस्तक बाहेर पडायचा अवकाश, ते कादंबरीचं पान शेजारी ठेवून म्हाताऱ्याची अब्रू वेशीवर टांगणार. कप्तानांनी आयुष्य म्हणून गोष्ट विकली, असं म्हणणार.

पण बाईंची खरी भीती वेगळीच होती. कप्तान खोटं बोलत नव्हते. त्यांना ते खरोखर आठवत होतं. आज हा प्रसंग, उद्या दुसरा. मग एक दिवस पोटच्या लेकीचं नाव. बाईंनी विचार तिथेच दाबला.  

“आलेच हं,” म्हणत त्या उठल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

कप्तानांची लेक दाराशीच उभी होती. बाई आल्या की ती अशीच आसपास असायची. कधी पाणी दे, कधी पंखा कमी कर, कधी नुसतीच चौकटीला टेकून ऐक. बिचारीला कळलंय वाटतं, असं बाईंच्या मनात आलं.

“बाबांना कुणाला दाखवलंस का गं?” बाईंनी आवाज खाली आणून विचारलं.

“कशासाठी, मावशी?”

“अगं, त्यांची सरमिसळ व्हायला लागलीय. आत्ता जे सांगितलं ना, ते कधी घडलंच नाही. माझ्या डोक्यातनं निघालेलं आहे ते सगळं. आपल्याला लपवून चालायचं नाही. लवकर दाखवलं तर काही उपाय तरी होईल.”

लेकीनं चहाखालचा गॅस बंद केला. तिचे डोळे भरून आले.  मग बाईंचा हात धरून तिनं त्यांना बाहेरच्या खोलीत आणलं आणि कप्तानांसमोरच्या खुर्चीत बसवलं.

“तुम्हीच बोला त्यांच्याशी,” ती म्हणाली.

बाईंनी मन घट्ट केलं. “कप्तान, रागावू नका. तुमच्या वाईटावर नाही मी. पण हे पुस्तकात घालता येणार नाही. हे झालेलं नाही. मी रचलेलं आहे.”

कप्तानांचा चेहरा ढासळायची त्या वाट बघत होत्या. पण कप्तान नुसते पुढे सरकले.

“कादंबरी तू नंतर लिहिलीस, बाई,” ते शांतपणे म्हणाले. “आत आम्ही दोघंच नव्हतो. तूही होतीस. संवाद बदलला होता, त्याचा कागद द्यायला आली होतीस आणि मागं दार बसलं. खिडकी मी फोडली, पण काच लागली तुला. डाव्या हाताची बाही वर कर बघू.”

बाईंना हसूच आलं. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, म्हणून त्यांनी बाही सरकवली. कोपराखाली एक लांबट पांढरा व्रण होता.

“हा होय!” बाईंना एकदम हायसं वाटलं. “हा लहानपणचा आहे हो. जिन्यावरून गडगडले होते मी.”

लेकीनं तोंड फिरवलं. कप्तानांनी बाईंची बाही हलक्या हातानं पुन्हा खाली केली.

“काल सायकलवरून पडले म्हणाली होतीस,” ते म्हणाले.