माहेरची अर्धशिशी

लेकीची अर्धशिशी आईकडून आली असावी असं डॉक्टरांना वाटलं, म्हणून त्यांनी मायलेकी दोघींचं रक्त तपासायला मागितलं. जावई बिचारा हळवा. "आई, तुमच्या रक्तातून काही कळलं तर हिचे हाल तरी थांबतील," असं म्हणून तो दोघींना लॅबमधल्या बाकावर बसवून खिडकीशी फॉर्म भरायला गेला.

इकडे सुई टोचायच्या आत बोलून टाकलेलं बरं, असं ठरवून आई लेकीच्या कानाशी लागली.

"तुला एक सांगते, रागावू नकोस. माझं डोकं जन्मात कधी दुखलेलं नाही."

"अगं, पण तू तर दोन-दोन दिवस कपाळाला पट्टी बांधून अंधारात पडायचीस."

"नणंदा राहायला आल्या की पडायचे. त्या गेल्या की उठायचे. माझ्या आईनंच शिकवलं होतं मला. आता माझ्या रक्तात काही निघायचं नाही, आणि तुझ्या खऱ्या दुखण्याचं निदान माझ्यापायी चुकेल." आईचे डोळे भरून आले.

लेकीनं खिडकीशी उभ्या नवऱ्याकडे एकदा चोरून पाहिलं आणि आईचा हात घट्ट धरला.

"हळू बोल गं, ह्यांना ऐकू जाईल," ती म्हणाली. "डॉक्टरांचं बरोबर आहे. माझंही तुझ्याकडूनच आलंय."