सुखरूप

सीमेवरच्या मे सोतच्या पुलापाशी बुआफान मावशी टँकरच्या आरशाला मोगऱ्याची माळ बांधत होती. माळेशिवाय इथला एकही ड्रायव्हर पूल ओलांडत नाही.

"पलीकडं युद्ध पेटलंय आणि तू काय घेऊन चाललास रे, सोमनुक?"

"विमानाचं तेल! आपलं सरकार कुणाच्याच बाजूचं नाही मावशी, धंदा तेवढा चालू. तुझी फुलंही खपतायत की!"

मावशी हसली. पलीकडं दिलेल्या लेकीसाठी रोज जोडायची तसेच हात जोडून पुटपुटली, "सुखरूप पोचू दे."

आठवड्यानं लेकीच्या गावावर विमानं आली. नदी पोहून आलेल्या जावयाच्या पाठीवर एकटी नातच होती.

मावशी तिला पोटाशी धरून बसली होती, तेवढ्यात टँकर येऊन थांबला.

"मावशी, नवी माळ दे! मागचीला गुण आला बघ. थेंब न सांडता सगळं तेल सुखरूप पोचलं!"