रायफलीचं नवं लाकूड

बाबांच्या वाढदिवसाला माझ्या नवऱ्याने, लोवेलने, केकशेजारी रायफलीचं नवंकोरं लाकूड ठेवलं. बाबांनी महायुद्धातून आणलेल्या जर्मन रायफलीचं नळीखालचं लाकूड मध्येच कापलेलं होतं आणि पुढचा तुकडा हरवला होता. "हे बसवू का? जुनं कुणा गाढवाने कापलंय," लोवेल म्हणाला. बाबा भडकले. "मीच तो गाढव. परतताना बोटीवर पिशवीत मावेना, म्हणून पावाच्या सुरीने कापलं. आमच्या तुकडीतल्या ओहायोवाल्या सैनिकांतल्या निम्म्यांनी असंच कापलं. हा काप बघूनच लोकांना पटतं की मी तिथे होतो. अख्खी रायफल दुकानातही मिळते, जावईबापू." "पण जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनात अर्धवट रायफल घेत नाहीत," लोवेल म्हणाला. "मग बसव," बाबा दातओठ खात म्हणाले. लोवेलने खुशीत स्क्रू आवळले. बाबांनी रायफल मांडीवर घेतली, केकची सुरी उचलली आणि नवं लाकूड कराकरा कापायला घेतलं. आई एवढंच म्हणाली, "अहो, आधी केक तरी कापायचात."