पाण्याचे लाड

नवऱ्याने समुद्री माशांसाठी काचेची टाकी आणली आणि घरात त्या पाण्याचेच लाड सुरू झाले. ते सव्वीस अंशांवर राहावं म्हणून हॉलमधला एसी सतत चालू. पाण्याचा खारटपणा तो येता-जाता मोजायचा. माझ्या भाजीत मीठ राहिलं तर मात्र त्याला पत्ता नसायचा.

परवा मला ताप भरला, तर म्हणाला, "तू आतल्या खोलीत झोप. तुझ्यामुळे हॉल तापतोय."

मी भडकलेच. "अरे, त्या टाकीत अजून एक मासा तरी आहे का?"

"आणेन ना! आधी पाणी नीट जमून यायला हवं. तापमान बरोबर, मीठ बरोबर, तरी पाणी रोज गढूळ का होतंय, तेच कळत नाही."

सोफ्यावर पेपर वाचणाऱ्या सासूबाईंनी चष्मा वर केला.

"एकही मासा नाही? मग मी रोज सकाळी टाकीजवळच्या त्या डब्यातला माशांचा खाऊ कोणाला घालतेय?"

नवऱ्याने डबा उघडून पाहिला, तो अर्ध्याहून जास्त रिकामा होता.

"मला वाटलं, नवीन आहेत, बुजून दगडांमागे बसलेत. म्हणून जरा जास्तच टाकत होते."