किशनमामांची हलगी

कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर इंग्रजीत पुन्हा तोच प्रश्न उमटला. नवे आवाज भरायचे तर आधीचे पुसायचे का? वैजनाथनं पुन्हा 'नाही'चं बटण दाबलं आणि पाठ भिंतीला टेकवली.

दुपार कलायला आली तरी हेच चाललं होतं. उद्या देगलूरला लग्न. नवरीचे काका आनंदराज फोनवर रोखठोक बोलले होते, "वऱ्हाड तेलंगणातून येऊन राहिलंय. त्यांना नाचायला तिकडचा तीनमारचा ठेका पायजे. जमत असंल तर या, न्हाई तर आमी डीजे सांगतो." वैजनाथनं हैदराबादच्या एका वाजवणाऱ्याकडून तिकडच्या ढोलताशाचे आवाज विकत आणले, पेनड्राइव्हमध्ये घेतले, आणि आता कीबोर्ड जागा नाही म्हणून अडून बसला होता. जुनं खोड ते, त्याच्या पोटात मावून मावून किती मावणार! बाहेरून भरायच्या आवाजांना जेवढी जागा होती, ती सगळी किशनमामांच्या हलगीनं अडवली होती.

किशनमामा वैजनाथच्या बँड पार्टीचे हलगीवाले. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात वैजनाथनं गंमत म्हणून त्यांची हलगी एकेक ठोका करून कीबोर्डात भरून घेतली होती. तुराट्यांच्या जाळावर कातडं शेकून मामा वाजवत होते. जाळाची तडतडसुद्धा आत गेली, आणि ती काढायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. हात गेल्यावर तीच हलगी कामाला आली. वैजनाथ पट्ट्या दाबायचा आणि मामा शेजारी खुर्ची टाकून बसायचे. हलगीचा पहिला ठोका पडला, की डावा हात छातीला लावून मांडवाकडे बघायचे. म्हणजे, ही माझी बरं का. लोकांनाही ते ठाऊक झालं होतं. वाजवणाऱ्यांना टॉवेल-टोपी करताना कोणताही यजमान मामांना वगळत नसे.

आता हलगी पुसायची म्हणजे मामांची खुर्चीच काढायची. वैजनाथच्यानं ते होत नव्हतं. हातचं लग्न सोडणंही होत नव्हतं, कारण पार्टीतल्या बाकीच्यांची चूल त्यावरच होती. तो अगदी बेजार झाला होता. कुणीतरी यावं आणि हे एकदाचं करून टाकावं, असं त्याला वाटत होतं.

आले ते किशनमामाच. नवा शर्ट इस्त्रीला टाकून आले होते.

"वैजनाथा, टेम्पो कवा निघतो उद्या?"

"दिवस उगवायला."

"आन् हे काय करून राहिला?"

उज्वला चहा घेऊन आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो कीबोर्डाला लावलेल्या पेनड्राइव्हशी चाळा करत खाली बघत होता. मग तीच म्हणाली, "मामा, नवे आवाज भरायचेत. जागा न्हाई म्हणतंय ते. तुमची हलगी काढावी लागती."

कप ठेवून ती आत गेली. वैजनाथला तिचा राग आला. सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

मामांनी चहा संपवला. घाई केली नाही.

"काढून कुठं ठेवणार?"

"ह्या पेनड्राइव्हात. जपून ठेवतो, मामा."

"तिथं वाजती का?"

"न्हाई. नुसती राहती."

"म्हंजे घरी बसती म्हण की," मामा म्हणाले आणि हसले.

वैजनाथला वर बघवेना. "तुमी या की उद्या. टेम्पोत जागा हाय."

"येऊन काय करू? टॉवेल घेऊ?"

"मग जाऊ द्या. न्हाई जमत म्हणून सांगतो त्यांना." तो मनापासून म्हणाला, पण बोलण्यात जोर नव्हता. ते दोघांनाही कळलं.

मामा पुढे सरकले. "ह्याच्यात घेतली का काढून?"

"घेतली."

"कवा?"

वैजनाथ जरा घुटमळला. "सकाळीच."

"सकाळीच घेतली व्हय," मामा म्हणाले. त्यांनी मान हलवली. "बरं केलं. बटण कोणतं?"

पडद्यावर तोच प्रश्न पुन्हा येऊन थांबला होता, आणि वैजनाथची नजर 'हो'च्या बटणाकडे गेलीच. मामांनी डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाशी धरून उचलला, बटणावर नेला आणि त्याच्याच बोटानं बटण दाबलं. पडद्यावर आकडे सरकायला लागले. जुना कीबोर्ड, त्याला वेळ लागत होता. दोघं त्या आकड्यांकडे बघत बसून राहिले. आतून उज्वलाच्या भांड्यांचा आवाज येत होता.

आकडे थांबले.

"वाजव," मामा म्हणाले.

वैजनाथनं पट्टी दाबली. नवा ठोका खोलीत घुमला, कोरा आणि स्वच्छ. मागे जाळाची तडतड नव्हती.

मामांचा डावा हात उठला आणि छातीपर्यंत गेला. तिथं थोडा थांबला. मग त्यांनी वरच्या खिशातली तंबाखूची पुडी काढली.

"चांगला हाय आवाज," ते म्हणाले आणि पुडी वैजनाथपुढे धरली. "जरा मळून दे."

वैजनाथ तळहातावर तंबाखू मळत बसला. चुना कधीच मुरला होता, तरी मळतच राहिला.